कांबळे सर आणि आमच्या घरचं दूध

रविवारची सकाळ होती. दूध घालायला आलेल्यांची रांग संस्थेच्या दारातून रस्त्यापर्यंत गेली होती, फॅट काढायचं मशीन नेहमीसारखं रुसलं होतं आणि मी त्या मशीनच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. नंबर कांबळे वहिनींचा. मला वाटलं, सर आज दहाऐवजी अकराला येणार असतील, तेवढं सांगायला फोन केला असेल. मी आपला चालूच झालो, "वहिनी, सरांना म्हणावं उशीर चालणार न्हाय, आईनं थालपिठाचं पीठ मळून ठेवलंय." पलीकडं वहिनी नव्हत्या, त्यांचे भाऊ होते. म्हणाले, "भावजी गेले... पहाटे. दवाखान्यात नेईपर्यंत..." मी त्या माणसावर ओरडलो. "काय बोलताय कळतंय का तुम्हाला?" म्हणालो. रांगेतली माणसं माझ्याकडं बघायला लागली. बिचाऱ्यानं तेच वाक्य पुन्हा एकदा, हळू आवाजात सांगितलं. मी मोबाईल खिशात टाकला, पुढच्या माणसाची किटली हातात घेतली, आणि मापाच्या खुणा मला दिसेनात. त्या वेळी मनात जो पहिला विचार आला तो सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. सर गेले याच्याही आधी मनात आलं, ‘आता माफी मागायची राहिली.’ आठ वर्षं ती मी मनात घेऊन फिरत होतो. आज मागू, उद्या मागू... आणि हे असं झालं.

प्राध्यापक सुधाकर कांबळे. मूळ नेसरीकडचे, कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. आमच्या कसबा बावड्याच्या टोकाला शेतं तोडून नवी कॉलनी झाली, तिथं दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिले आणि पुढं तिथंच घर बांधलं. त्यांना जाऊन दीड महिना होऊन गेला. शोकसभेत मोठमोठी माणसं त्यांच्या अभ्यासाबद्दल बोलली. मी दूध संस्थेचा सचिव, शिक्षण मॅट्रिक, मी काय लिहिणार? पण सरांच्या आठवणींच्या या पुरवणीचं काम बघणारी त्यांची एक विद्यार्थिनी मला म्हणाली, "काका, सर वर्गात कायम तुमच्या कंबरेचं उदाहरण द्यायचे. सचिवांची कंबर म्हणून अख्खा धडा होता आम्हाला. तुम्ही लिहायलाच पाहिजे." म्हणजे माझी कंबर बी.एस्सी.च्या वर्गात पोहोचली होती आणि मला पत्ता नाही! घ्या, तर मग कंबरेपासूनच सुरू करतो.

एक्याण्णव सालची गोष्ट. दुधाचे भरलेले कॅन टेम्पोत चढवून चढवून माझी कंबर धरली होती. गंगावेशीतल्या एका वैद्याकडून लेप लावून सिटी बसनं घरी येत होतो. बसायला जागा नाही, खड्ड्यागणिक ‘आई गं’ चाललेलं. समोरच्या बाकावरचा एक सडपातळ, चष्मेवाला माणूस उठला आणि म्हणाला, "पावणं, बसा. चार पायांवर असता तर हे दुखणं आलं नसतं." माझं डोकं सणकलं. "मला जनावर म्हणतोस व्हय रं?" म्हणून मी अंगावर धावलो... म्हणजे धावायचा बेत होता, पण कंबरेनं तिथंच बसवलं. सगळी बस हसली. तो माणूस मात्र माझ्या शेजारी उभा राहून शांतपणे समजावून सांगायला लागला. आपला पाठीचा कणा मुळात आडवा होता म्हणे, चार पायांवर टेकलेला, दोन खांबांवर तुळई ठेवावी तसा. मग आपले पूर्वज उभे राहिले. हात मोकळे झाले, हत्यारं आली, लेकरू कडेवर आलं, सगळं झालं. पण कणा तोच जुना. तुळईचा खांब केला, त्याचं भाडं आपण सगळे कंबरेनं भरतोय. "तुमची कंबर दुखते म्हणजे तुम्ही माणूस आहात, एवढाच अर्थ," ते म्हणाले. बावड्याला आम्ही दोघंही एकाच स्टॉपवर उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस संस्थेच्या दारात हजर. कॅन कसा उचलता ते बघायचंय म्हणाला. मी दाखवलं. "कंबरेतनं वाकू नका, गुडघ्यातनं बसा, कॅन पोटाशी धरा आणि मग मांड्यांच्या जोरावर उठा," असं सांगून त्यांनी शर्ट मळला तरी चालेल म्हणून स्वतः एक कॅन उचलून दाखवला. चार लोकांनी हसून घेतलं. पण महिन्याभरात माझी कंबर सुटली आणि हसणारेही गुडघ्यातनं बसायला लागले. मी त्यांना हाताला धरून घरी नेलं. आमच्या घरी पाहुण्याला चहा देत नाहीत. चहा म्हणजे पाण्याचा कारभार, असं आईचं मत. दारात सहा म्हशी असताना पाहुण्यानं दूधच प्यायला पाहिजे. पेला भरून, वर सायीचा थर, आणि पाहुण्यानं तो एका दमात रिकामा केला की आई खूश. कोल्हापुरात म्हशीची धार कट्ट्यावर उभी राहून पिणारी माणसं आम्ही. दूध नको म्हणणारा माणूस म्हणजे एक तर आजारी, नाहीतर मनात अढी असलेला. तिसरा प्रकार आम्हाला माहीत नव्हता.

आईनं विचारलं, "नाव काय म्हणायचं, पावणं?" ते म्हणाले, "सुधाकर कांबळे. नेसरीकडचा." मग जरा थांबून स्वतःच म्हणाले, "बौद्ध आहे, आई." आईनं माझ्याकडं बघितलं. मला अजून तो क्षण आठवतो, कारण मला घाम फुटला होता. खोटं कशाला बोलू, मी लहान असताना आमच्या घराच्या वळचणीला एक कानतुटकी कपबशी वेगळी खोचलेली असायची, आणि ती कुणासाठी होती ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. मोठा झाल्यावर मीच ती फोडून टाकली होती, पण फोडली म्हणून विसरते थोडीच. आई उठली, मांडणीकडं गेली. आम्ही रोज प्यायचो त्याच पेल्यांतला एक तिनं काढला, पदरानं पुसला, काठोकाठ दूध भरलं आणि सरांच्या हातात हात लागेल असा दिला. सरांनी पेल्याकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि एका दमात सगळं दूध पिऊन टाकलं. आईच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तर आमच्या घराण्यानं कुस्ती मारल्यासारखं वाटलं. त्या दिवशी मी फार ताठ चाललो... कंबर बरी झाली होती म्हणूनही असेल.

तिथून रविवार ठरून गेला. दहाच्या ठोक्याला सर यायचे. कॉटवर बसायचे, आई दूध आणायची, ते प्यायचे आणि मग माझ्या प्रश्नांना तोंड द्यायचे. अक्कलदाढ का त्रास देते? तर आपण कच्चं-कोरडं चावायचं सोडलं, जबडा लहान राहिला, दाढेला मात्र कुणी कळवलंच नाही. ताप का येतो? तर बऱ्याच वेळा ताप म्हणजे शरीरानं रोगाशी मांडलेलं भांडण असतं. कधी संस्थेच्या सभेला बोलावलं तर तिथंही तेच. "आपलं शरीर जुनं आहे आणि गाव नवं झालंय. लाखो वर्षं गोड म्हणजे काय, तर कधीतरी मध, तोही माशा चावून घेऊन. आता साखर कारखान्याच्या दारात राहायला आलोय आपण, पण पोटाला अजून वाटतंय की उद्या उपास पडणार. म्हणून मिळेल तेवढं साठवतंय." म्हातारी माणसं मान डोलवायची. एक जण म्हणाला, "म्हंजे आमचं शरीर अडाणी हाय म्हणा की!" सर म्हणाले, "अडाणी न्हाय, फार सावध हाय." असं बोलायचे की माणूस ऐकत राहावा.

पण एक गोष्ट मला खटकायची. दूध प्यायलं की अर्ध्या तासात हा माणूस उठायचा. गप्पा अशा रंगात आलेल्या, आई आतनं ओरडतेय "जेवूनच जा की रं," आणि यांचं आपलं, "नको आई, काम आहे." रविवारी कसलं काम? चेहरा ओढलेला, कपाळावर घाम, चप्पल घालून झपाझपा चालायला लागायचे. नऊ वर्षांत एकदाही रविवारी आमच्या ताटावर बसले नाहीत. मी मनाशी धरून बसलो होतो की या माणसाच्या पोटात अजून जातीचं दुखणं आहे. आम्ही एवढं करतोय, घरातल्या पेल्यातनं दूध देतोय, आणि हा आम्हाला आपलं मानत नाही. एकदा बायकोजवळ मी हे बोललोही. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली. आणखी एक हिशेब मी कधी केला नाही, तो आता लिहिताना मान खाली घालून करतो. त्या नऊ वर्षांत सर आमच्याकडं शेकडो वेळा आले, आणि आमच्या घरातलं एक माणूस त्यांच्या घरी पाणी प्यायला गेलं नव्हतं. देणारे आम्ही आणि घेणारे ते, हे आम्ही न बोलता ठरवून टाकलं होतं.

माझी मुलगी मनीषा तेव्हा अकरा वर्षांची. सहा-सात वर्षांची होईपर्यंत गुटगुटीत पोर, मग हळूहळू कुठंतरी बिनसलं. रोज सकाळी पोट दुखायचं. शाळेत गेली की मास्तरांचा निरोप यायचा, घेऊन जा. सारखी परसाकडं पळायची, पोट फुगायचं, जेवण जाईना, हातापायाच्या काड्या झाल्या. जंताचं औषध झालं, आईनं मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या, दोन डॉक्टर झाले. आणि घरातला खास इलाज म्हणजे दूध वाढवणं. अशक्त झाली ना, मग एकाऐवजी दोन पेले. त्यानंही होईना, मग बदाम उगाळून तीन. ती रडायची. मी म्हणायचो नाटकी आहे, शाळा चुकवायची सोंगं. गावभर पोरांना दूध पाजा म्हणून सांगत हिंडणारा मी, माझीच पोर दूध बघून तोंड फिरवते, हे मला अब्रू गेल्यासारखं वाटायचं.

त्या रविवारी सर नुकतेच आले होते. दूध पिऊन त्यांनी पेला खाली ठेवला. मी पाणी आणायला मागच्या दारी गेलो, तर मनीषा मोरीत वाकून पेल्यातलं दूध ओतत होती. पांढरी धार मोरीतनं परसात चाललेली... माझ्या डोक्यात तिडीक गेली. एक सणसणीत मुस्काटात दिली. पोर भिंतीवर जाऊन आदळली, ओठ फुटला. आवाज ऐकून सगळे धावले. मी दुसरा हात उगारला, तो सरांनी वरच्या वर पकडला. नऊ वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "सचिव, हात खाली करा!" म्हणाले. मग माझा हात सोडून, आईकडं न बघता, खाली बघत म्हणाले, "तिला मारू नका. तिला दूध सोसत नाही. मलाही सोसत नाही. लहानपणापासून नाही."

 आईच म्हणाली, "आनि मग नऊ वर्सं पितोयस ते काय?" सर म्हणाले, "पितो आणि घरी जाऊन आडवा पडतो, आई. संध्याकाळपर्यंत पोटात कळा असतात. म्हणून तर लवकर उठायचो." आई मटकन खाली बसली. "अरं देवा... म्हंजे नऊ वर्सं मी इख पाजलं की रं तुला! तोंड न्हवतं व्हय तुला, नको म्हणायला?" सर तिच्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, "इख कसलं, आई. पहिल्या दिवशी तुम्ही मांडणीवरचा पेला काढलात. माझ्या बापाला आयुष्यात कुणी मांडणीवरचा पेला दिला नव्हता. तो मी परत कसा करू?"

आता इथं शहाणा माणूस गप्प बसला असता. पण मला एवढंच दिसत होतं की माझ्या घरात, माझ्या पोरीसमोर, दूध संस्थेच्या सचिवाला दूध बंद कर म्हणून सांगितलं जातंय. आणि मी बोललो. जसंच्या तसं लिहितो, गुळगुळीत करून लिहिलं तर सरांशी बेइमानी होईल. मी म्हणालो, "सर, तुमच्यात पिढ्यान् पिढ्या दूध बघायला मिळालं न्हाय, म्हणून तुम्हाला सोसत न्हाय. आमची पोर गोठ्यात वाढलीया. तिला तुमचं दुखणं लावू नका." बोललो आणि वाटलं, जीभ झडली असती तर बरं. सर माझ्याकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता, फार थकल्यासारखा होता. त्याच वेळी दाराआडनं माझी बायको बोलली. आजऱ्याकडची, भाताच्या मुलखातली, लग्नाला तेरा वर्षं झालेली, माझ्यासमोर आवाज चढवून न बोलणारी. म्हणाली, "मलाबी दूध सोसत न्हाय." मी म्हणालो, "तू कधी सांगितलंस?" ती म्हणाली, "ह्या घरात सुनंला दूध कोण देतंय, मग सोसतंय का म्हणून कोण इचारंल?"

सर हळूच हसले. मग मनीषाच्या ओठाला ओला रुमाल लावत, तिलाच सांगितल्यासारखं सांगायला लागले. "वासरू किती दिवस दूध पितं गं? कडबा खायला लागेपर्यंत. मोठा रेडा कधी आईला लुचतो का? न्हाय की नाही. कारण दुधात एक साखर असते, ती फोडणारा रस आतड्यात तान्हेपणीच तयार होतो. तान्हेपण सरलं की तो आटत जातो. माणसांचंही मुळात तसंच. मग काही हजार वर्षांपूर्वी माणसं गाईम्हशी पाळायला लागली. त्यांच्यातल्या काहींचा तो रस मोठेपणीही आटला नाही, ती माणसं दुधावर तगली, त्यांची लेकरंबाळं वाढली. तुझे वडील आणि आजी त्यांच्यातले. पण जगातल्या बहुतेक मोठ्या माणसांचा रस अजून आटतो. तुझा आटला, आईचा आटला, माझा आटला. यात रोग नाही, जुनी रीत आहे. आपण तिघं जुन्या रीतीची माणसं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आणि सचिव, हे जात बघून येत नाही. माझ्या सख्ख्या भावाला तांब्याभर दूध पचतं. शिवाय एकट्या आईकडनं आलेलं पुरत नाही, आईबाप दोघांकडनं एकेक यावं लागतं. म्हणजे अर्धं तुमच्यातही आहे. आठ दिवस दूध बंद करून बघा, ताक द्या, नाचणी द्या. आणि फरक पडला तरी चांगल्या डॉक्टरला दाखवा, मी डॉक्टर नव्हे." एवढं बोलून ते गेले. त्या दिवशी पहिल्यांदा ते झपाझपा चालत नव्हते.

आठ दिवसांत मनीषाचं पोट थांबलं. तिसऱ्या आठवड्यात पोर दोन भाकऱ्या खायला लागली. डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं. घरात सगळ्यांना दिसत होतं, आणि दर रविवारी दहा वाजता कॉट रिकामी होती, तीही दिसत होती. मी जायला पाहिजे होतं. माझे पाय उचलेनात. घमेंड म्हणा, लाज म्हणा, दोन्ही एकच असतात असं मला आता वाटतं. चौथ्या रविवारी आईनं नवं लुगडं नेसलं, मनीषाचा हात धरला आणि चालायला लागली. "कुठं?" तर म्हणाली, "तुला जमत न्हाय तिथं." दीड तासानं परत आली. मी दारातच उभा होतो. म्हणाली, "नाचणीची आंबील पिऊन आले. दोन वाट्या. त्याच्या बायकोच्या हाताला चव हाय. तिनं आधी इचारलं मला, आई, आंबील चालंल का म्हणून. आपुन कधी इचारलंतं का रं कुणाला?"  पुढच्या रविवारी दहाच्या ठोक्याला सर आले. मी म्हणालो, "या सर." ते म्हणाले, "काय सचिव, कंबर काय म्हणतीया?" आणि त्या दिवशी ते आमच्याकडं जेवले. चार भाकऱ्या, तांबडा रस्सा, वर ताक. दोन वाजेपर्यंत बसले होते.

पुढची आठ वर्षं चांगली गेली. मनीषा सरांच्या कॉलेजात गेली, त्यांचाच विषय घेतला. आम्ही दोघं बघता बघता म्हातारे व्हायला लागलो. सरांना साखरेचा आजार निघाला. मी म्हणालो, "तुम्हीच तर भाषण देत होता की पोटाचं!" म्हणाले, "मला समजतंय, पोटाला कुठं समजतंय? ते अजून दुष्काळाची वाट बघतंय." एवढं ज्ञान असलेला माणूस, पण गुऱ्हाळ पेटलं की लहान पोर व्हायचा. वहिनींची शपथ घेऊन बोटभर गरम गूळ चाटायचा. मी चिडायचो, ओरडायचो, ते हसायचे. आणि या आठ वर्षांत मी तीनदा माफी मागायचा प्रयत्न केला. एकदा गुऱ्हाळावरच, "सर, त्या दिवशी मी जे बोललो..." म्हणून सुरुवात केली, तर म्हणाले, "सचिव, बोटं चिकट झालीत, जरा पाणी घाला." एकदा दवाखान्यात त्यांच्या खाटेजवळ, तेव्हा नर्स आली. तिसऱ्यांदा शब्दच आले नाहीत. प्रत्येक वेळी वाटायचं, जाऊ दे, रविवार कुठं पळून जातोय.

जलदान विधीला गेलो तेव्हा गर्दी होती. म्हणून गेल्या आठवड्यात एकटाच त्यांच्या घरी गेलो. वहिनी एकट्या होत्या. खोलीत भिंतभर पुस्तकं, टेबलावर त्यांचा चष्मा तसाच घडी घालून ठेवलेला. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो आणि मग फुटलोच. "वहिनी, मी सरांना एकदा फार वाईट बोललो होतो," म्हणालो. वहिनी म्हणाल्या, "मला माहीत आहे. त्या दिवशी ते घरी येऊन जेवले नाहीत. खिडकीशी बसून राहिले. मी म्हटलं, आता त्या घराची पायरी चढायची नाही. तर म्हणाले, ‘असं नको म्हणूस. नऊ वर्षं आम्ही एकमेकांशी फार नीट वागलो. आज मी खरं बोललो आणि सचिवांच्याही पोटातलं बाहेर आलं. आता आमचं जमेल.’"

मला रडू आवरेना. पन्नाशी उलटलेला माणूस, हुंदके देत बसलो. वहिनींनी मला रडू दिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "त्यांनी माफ केलं होतं, भावजी. तुम्ही मागायच्या आधीच. पण मी नव्हतं केलं. माझ्या नवऱ्याच्या पोटात नऊ वर्षं कळा यायच्या, त्या मी बघितल्या. गरम पाण्याची पिशवी मी धरायची. आणि त्यावर तुमचं ते बोलणं. ते मोठ्या मनाचे होते. मी नाही. माझा राग अजून आहे."

मी उठलो आणि त्यांच्यासमोर हात जोडले. म्हणालो, "वहिनी, माझं चुकलं. मी जात काढली. आणि नऊ वर्षांत एकदाही सरांना काय चालतं म्हणून विचारलं न्हाय, तेही चुकलं. मला माफ करा." आठ वर्षं जे तोंडातनं निघत नव्हतं ते एवढंसंच होतं.  वहिनींनी मान हलवली नाही. पदरानं टेबलावरचा चष्मा पुसला, परत ठेवला आणि आत गेल्या. मी उभाच. निघावं की थांबावं कळेना. आतनं स्टोव्हचा आवाज आला, मग त्यांचा.

"कोरा चहा चालेल का? आमच्याकडं दूध येत नाही."

"चालंल की," मी म्हणालो.

"मग बसा," त्या म्हणाल्या.